पर्ड्यू एक नंबरला, आणि पोरांना पैसे पण! बॉयलरवाले, या इकडे

वाबाशकाठचा
मंडळी, कॉलेज बास्केटबॉलच्या २०२५-२६ सीझनच्या आधीचा एपीचा (असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा) पोल आला आणि पर्ड्यू चक्क एक नंबरला! सीझनची सुरुवातच एक नंबरवरून, असं आपल्या कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा होतंय. आनंद झाला का, तर झाला, पण त्याहून मोठा पोटात गोळा आलाय. २००९ ला एमएसला आलो तेव्हापासूनचा हा नाद. आल्या वर्षीच टीम ऐन भरात असताना रॉबी हमेलचा गुडघा गेला, पुढच्या ऑक्टोबरात बरा होऊन प्रॅक्टिसला आला तर परत तोच गुडघा. तेव्हा रूममेट म्हणाला होता की पर्ड्यूचा फॅन होणं म्हणजे साडेसातीला आपणहून चहाला बोलावणं.

नंतरचं तुम्हाला माहितीच आहे. मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत २०२१ ला नॉर्थ टेक्ससकडून हरलो, २०२२ ला सेंट पीटर्सकडून, २०२३ ला फेअरली डिकिन्सनकडून. शेवटचं तर आठवलं तरी जेवण जात नाही, आपण एक नंबरचं सीड, ते सोळावं, अख्ख्या डिव्हिजन वनमधली (म्हणजे वरच्या गटातली) सगळ्यात बुटकी टीम, आणि आपल्याकडे सात फूट चार इंचाचा झॅक ईडी. ६३-५८ नं हरलो. मग २०२४ ला तेच सगळं उलटं. डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध ईडीचे ४० पॉइंट, १९८० नंतर पहिला फायनल फोर, आपला कोच पेंटर जिंकल्यावरच्या रिवाजाप्रमाणे शिडीवर चढून बास्केटची जाळी कापतोय आणि मी हॉलमध्ये सोफ्यावर उभा राहून ओरडतोय, बायको म्हणाली खाली उतर, सोफ्याचे हप्ते चालू आहेत.

आणि २०२५ च्या मार्चमध्ये ह्यूस्टनविरुद्ध ६२-६० नं हार. इंडियानापोलिसला, आपल्या अंगणात, त्यांनी बॉल आत टाकून लेअप मारला तेव्हा शेवटचा एक सेकंदही उरला नव्हता. असो.

धागा काढायचं खरं कारण वेगळंच. शनिवारी पॉटलकला जोरदार भांडण झालं. १ जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे द्यायला लागलीयेत, एका कॉलेजला सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षाला २०.५ मिलियन डॉलरपर्यंत, म्हणजे आपले १८० कोटी रुपये धरा. अर्धी पंगत म्हणाली बरं झालं, अर्धी म्हणाली कॉलेज स्पोर्ट्स मेलं. मसालेभात गार झाला. तुम्हाला काय वाटतं?

हूजर_काका
अभिनंदन. ऑक्टोबरचं बक्षीस दरवर्षी तुम्हालाच द्यावं, एप्रिलच्या फायनलचं आम्ही बघतो. आमच्या इंडियाना युनिव्हर्सिटीत, ब्लूमिंग्टनला, चॅम्पियनशिपचे पाच बॅनर टांगलेत, १९४०, ५३, ७६, ८१, ८७. तुमच्या मॅकी अरीनात पुरुषांचा एनसीएएचा (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा) एक तरी?

वाबाशकाठचा
काका, आलात का. १९८७ म्हणजे माझी मुंजसुद्धा व्हायची होती. आणि १९८५ ला आमच्याचविरुद्ध खेळताना तुमच्या कोच बॉबी नाइटनी खुर्ची भिरकावली होती ती सापडली का?

हूजर_काका
खुर्ची सोडा. ८ एप्रिल २०२४, तुमची यूकॉनशी (कनेक्टिकट) फायनल, त्याच दुपारी सूर्यग्रहण. ब्लूमिंग्टनला खग्रास, तुमच्या वेस्ट लाफायेटला थोडक्यासाठी खंडग्रासच. ग्रहणातसुद्धा जरासे कमीच पडलात हो :)

वाबाशकाठचा
😂 हे मात्र मान्य. आई पुण्याहून फोनवर सांगत होती ग्रहणाच्या दिवशी काही शुभ करू नका रे. मी म्हणलं आई, टिपऑफ रात्री नऊनंतर आहे, तोवर मोक्ष होऊन जाईल. ७५-६० नं झाला मोक्ष. ईडीनं एकट्यानं ३७ केले आणि अख्ख्या टीमचा मिळून तीन पॉइंटर एकच.

कटिंगचहा
मी पुण्यातून वाचतोय, बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. प्रामाणिक प्रश्न आहे, रागावू नका. कॉलेजची टीम म्हणजे कॉलेजची पोरं ना? आपल्याकडे कॉलेजची मॅच बघायला खेळणाऱ्याचा चुलतभाऊ पण येत नाही. हे लोक सोफ्यावर का चढतात?

तिखटमिसळ
@कटिंगचहा, इथं तुम्हाला डोळ्यासमोर गणपती आणावा लागेल. इंडियाना म्हणजे सगळीकडे मक्याची शेतं आणि प्रत्येक गावातल्या गॅरेजवर एक रिंग. वेस्ट लाफायेटमध्ये ना समुद्र, ना डोंगर, ना कुठली व्यावसायिक टीम. त्यामुळे हाच मंडप, हाच मांडव आणि हीच विसर्जन मिरवणूक. मॅकी अरीनात १४ हजारांवर माणूस बसतं, वर गोल घुमट आहे, आवाज त्याला आपटून परत डोक्यावर पडतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जानेवारी होता, बाहेर नाकातलं पाणी गोठत होतं, आणि आत पोरं सोनेरी-काळा रंग फासून दोन तास नुसती उड्या मारत होती. पेंट क्रू म्हणतात त्यांना. समोरचा फ्री थ्रोला उभा राहिला की असा काही कल्ला की त्याचे नाही तर माझेच गुडघे लटपटायला लागले. मी इलेक्ट्रिकलचा, तोवर आयुष्यात कुठल्या खेळासाठी ओरडलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन खुणांनी दिलं.

आणि हो, कॉलेजचीच पोरं. आत्ताच्या टीममधला स्मिथ वेस्टफील्डचा, लॉयर फोर्ट वेनचा, कॉफमन-रेन पण इंडियानाचाच. शेजारच्या गल्लीतली पोरं मोठी झाल्यासारखं वाटतं.

कटिंगचहा
आता थोडं कळलं. म्हणजे ढोलपथक + मॅच.

जुनं_खोड
मी १९९२ चा. माझ्या डोळ्यांसमोर ग्लेन रॉबिन्सन खेळलाय. पगाराचा विषय निघाला म्हणून लिहितो, कुणाला आवडो न आवडो. या पोरांना ट्यूशन, राहणं, खाणं, कोच, फिजिओ, ट्यूटर सगळं मिळतं. आम्ही हॉस्टेलच्या खोलीत प्रेशर कुकर लपवून वरणभात शिजवला आणि कर्ज काढून शिकलो. डिग्री फुकट मिळतीये ती कमी आहे का? आता पैसे आले की निष्ठा गेली. दरवर्षी पोर्टल उघडतं आणि पोरं भाड्याची खोली बदलावी तशी कॉलेज बदलतात. आपलेच हाइडी आणि कॉल्विन गेले की टेक्ससला आणि वेक फॉरेस्टला.

तिखटमिसळ
खोडकाका, कुकर आम्ही पण लपवलाय, तो मुद्दा नको. पण कोच नाही का कॉलेज बदलत? ज्या फेअरली डिकिन्सननं आपल्याला धूळ चारली त्यांचा कोच त्याच महिन्यात दुसऱ्या कॉलेजला गेला, जास्त चांगली नोकरी मिळाली म्हणून. त्याला कुणी म्हणलं का निष्ठा गेली? म्हणले प्रमोशन झालं. पोरगं गेलं की गद्दार.

कायद्याचं_बोला
थोडा इतिहास टाकतो, कारण पॉटलकात हे कुणालाच माहीत नसतं आणि आवाज मात्र सगळ्यांचा असतो.

स्टुडंट-अ‍ॅथलीट हा शब्द कुठून आला? प्रेमातून नाही, कोर्टाच्या भीतीतून. १९५५ ला कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजचा फुटबॉल खेळाडू मॅचमध्ये डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोनं कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. कोर्टानं सांगितलं तो कामगार नव्हताच. त्या काळात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स, त्यांनी हा शब्द सगळीकडे घट्ट रुजवला, म्हणजे पुन्हा कुणी कामगार म्हणायला नको. पुढे म्हातारपणी याच बायर्सनी ही सगळी व्यवस्था अन्यायाची आहे असं लिहून ठेवलं, ती वेगळी गंमत.

मग यूसीएलएचा एड ओबॅनन, १९९५ चा चॅम्पियन. त्याला एका मित्राच्या घरी व्हिडिओ गेममध्ये स्वतःच दिसला, तीच उंची, तोच नंबर, डावखुरा पण तसाच, आणि याला दमडी नाही. २००९ ला केस. २०२१ ला ऑल्स्टन केस, सुप्रीम कोर्टात ९-० नं एनसीएए हरली, आणि दहा दिवसांत एनआयएल सुरू झालं, म्हणजे स्वतःचं नाव, चेहरा वापरून जाहिराती करा, पैसे कमवा. आणि ६ जून २०२५ ला हाउस सेटलमेंट (याच विषयावरच्या खटल्यातली तडजोड) मंजूर. २०१६ पासूनच्या जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून साधारण २.८ बिलियन डॉलर आणि पुढे दरवर्षी वाटा.

पैशाची बाजू पण सांगतो. मार्चच्या स्पर्धेच्या टीव्ही करारात २०१६ ला नुसती ८ वर्षं वाढवली त्याचे ८.८ बिलियन डॉलर ठरले. एवढी खीर शिजत असताना शिजवणाऱ्याला नुसती वाटी चाटायला द्यायची, हे किती वर्षं चालणार होतं?

जुनं_खोड
खीर शिजवणाऱ्यांत आमचे मास्तर पण असतात, त्यांना कुठं मिळते. असो, माहिती चांगली दिलीत.

मिशिगनमावशी
मी खेळाडूची आई म्हणून लिहिते. माझी लेक पोहते. डिव्हिजन थ्री, म्हणजे तिथं खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. पहाटे पाचला पूल, मग लेक्चर, मग परत पूल, केस कायम ओले आणि क्लोरीनचा वास उशीपर्यंत. तिच्या मोठ्या कॉलेजातल्या मैत्रिणी घाबरल्यात. कारण १८० कोटी आकाशातून पडत नाहीत, कुठून तरी काढायचे. बऱ्याच मोठ्या कॉलेजांनी ठरवलंय की पंचाहत्तर टक्के फुटबॉलला, पंधरा पुरुष बास्केटबॉलला, पाच बायकांच्या बास्केटबॉलला आणि उरलेल्या पाचात बाकी सगळी जत्रा. वर टीममध्ये किती जण ठेवायचे त्यालाही आता मर्यादा, त्यामुळे शेवटच्या चार-पाच पोरी कापल्या जातात.

आणि गंमत बघा, ज्याच्या नावानं ही केस आहे तो ग्रँट हाउस स्वतः पोहणारा! नाव स्विमरचं, पैसा फुटबॉलचा. आपल्याकडे पूजा सत्यनारायणाची आणि प्रसादाचं सगळं तूप यजमानाच्या ताटात, तसं.

खानदेशी_ठसका
मावशी, बायकांना पाच टक्के हे मला पण खटकलं. २०२४ ला बायकांच्या फायनलला पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी टीव्ही लावला, केटलिन क्लार्कमुळे. आणि पर्ड्यूचे पुरुष अजून कप शोधतायत, आपल्या बायकांनी तो १९९९ लाच आणलाय. हूजरकाका, बॅनर बघायचा तर तो बघा!

हूजर_काका
तो मानतो. बायकांपुढे मी कुठंच बोलत नाही, घरी पण.

नागपुरी_संत्रा
मी युनिव्हर्सिटी टीमकडून बास्केटबॉल खेळलोय बे, नागपूरकडचाच, युनिव्हर्सिटीचं नाव घेत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेला स्लीपरनं दोन रात्री प्रवास, तोही अर्धा वेटिंगवर, दिवसाचा भत्ता एवढा की पुरीभाजी आली तर चहा नाही. ट्रॅकसूट दिला त्याच्या पाठीवर नाव, किती मिरवलो, आईनं शेजारीपाजारी दाखवला. परत आल्यावर क्लार्क म्हणतो ट्रॅकसूट जमा करा, पुढच्या बॅचला लागतो. धुऊन, इस्त्री करून जमा केला. आता खेलो इंडियात निवडलेल्यांना महिना दहा हजार मिळतात ते बघून बरं वाटतं. म्हणून मला या पोरांच्या पैशाचं काही वाईट वाटत नाही. मिळतंय तोवर घ्या म्हणावं.

डायनिंगकोर्टवाली
मी सध्या इथं एमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळे पगारावर बोलताय म्हणून एक गोष्ट सांगते, जी माझ्या डोक्यात केव्हाची बसलीये.

मी डायनिंग कोर्टला काम करते. ट्रे घासणे, सॅलडचा बार भरणे, डोक्यावर जाळी. एफ-वन (स्टुडंट) व्हिसा असल्यामुळे सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास, कॅम्पसवरच, त्याच्यावर एक मिनिट नाही. घड्याळात पंच करताना १९ तास ४५ मिनिटं झाली की मॅनेजर स्वतःच म्हणते, हनी, गो होम. बाहेर कुठं एक ट्यूशन घेतली तरी व्हिसा जाऊ शकतो.

झॅक ईडी टोरोंटोचा. म्हणजे तो पण एफ-वनवर! दोन वर्षं लागोपाठ नेस्मिथ (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) घेतलेला, राल्फ सॅम्पसननंतर असं कुणी केलं नव्हतं, अख्ख्या अमेरिकेत त्याचा चेहरा, आणि टीममधला बाकावर बसणारा अमेरिकन पोरगा गावातल्या पिझ्झावाल्याची जाहिरात करून पैसे घेऊ शकत होता, पण ईडीला ते करायचं तर देशाबाहेर जाऊन. केंटकीचा ऑस्कर श्वेबे काँगोचा, त्यानं टीम बहामाजला गेली तेव्हा तिथं दोन-चार दिवसांत करार उरकून घेतले. म्हणजे आपण व्हिसा स्टँपिंगला पळतो तसं.

मला हे कळलं तेव्हा मी लॅबमधून थेट रूमवर येऊन बहिणीला फोन लावला, म्हणलं, ताई, सात फूट चार इंचाच्या माणसाची आणि माझी अडचण एकच आहे.

आणि अजून एक. एनसीएएचा नियम आहे की सीझनमध्ये खेळाडूंचा सराव वगैरे धरून आठवड्याला २०च तास. ऐकल्यासारखं वाटतंय ना? वर मॅचचा दिवस कितीही मोठा असला तरी तो तीनच तास मोजतात, विमानानं जा, हॉटेलात राहा, रात्री दोनला परत या, तरी तीन तास. मी जर माझ्या शिफ्टचे असे तास लावले तर मॅनेजर मला ट्रेसकट बाहेर काढेल.

वाबाशकाठचा
हे भारी पकडलंस! दोन्हीकडे २० तास. मी पण कॅम्पसवर काम करून शिकलो आणि मला हे इतक्या वर्षांत सुचलं नाही.

कायद्याचं_बोला
@डायनिंगकोर्टवाली, नेमकी इथंच मेख आहे. उद्या हे खेळाडू कर्मचारी ठरले, तर कॅम्पसवरची नोकरी म्हणून तुझ्यासारखंच एफ-वनवाल्यांनाही २० तासांत बसवता येईल असा युक्तिवाद करता येतो. पण कॉलेजांना कर्मचारी हा शब्दच नकोय. डार्टमथच्या बास्केटबॉल पोरांनी मार्च २०२४ ला युनियनसाठी १३-२ नं मत दिलं, कॉलेज वाटाघाटीला बसायलाच तयार नव्हतं, आणि वर्ष संपताना पोरांनी अर्ज मागे घेतला. म्हणून आता जो पैसा देतात त्याला पगार म्हणत नाहीत, नाव-चेहरा वापरायचं भाडं म्हणतात. आणि परदेशी पोरानं ते भाडं घेतलं तर ते काम धरायचं की नुसतं घरभाड्यासारखं बसून मिळालेलं उत्पन्न, यावर वकिलांची दिवाळी चालू आहे.

जुनं_खोड
म्हणजे यंदा आपल्याकडे आलेत ते दोघं, इस्राएलचा मेयर आणि ऑस्ट्रेलियाचा क्लफ, यांचं पण हेच लफडं?

कायद्याचं_बोला
त्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलत नाही. पण परदेशी विद्यार्थी म्हटलं की प्रश्न हाच येतो.

जुनं_खोड
हं. मी मुद्दा सोडलेला नाही, निष्ठेचा. पण पोरीचं तीन तासांचं गणित वाचून जरा गप्प बसलो. आमच्या वेळी मीही २० तास लायब्ररीत पुस्तकं लावायचो. त्या पोरांना कुणी विचारलं नसतं की तुझी शिफ्ट किती वाजता संपली, हे डोक्यात आलं नव्हतं.

खानदेशी_ठसका
जरा हलकं घ्या हो. @डायनिंगकोर्टवाली, घंटेच्या टॉवरखालून गेलीस की नाही अजून?

डायनिंगकोर्टवाली
अजिबात नाही! डिग्री वेळेवर मिळत नाही म्हणतात खालून गेलं की. सगळे इंजिनियर, प्रोबॅबिलिटी शिकलेले, आणि टॉवरला वळसा घालून जातात. आमच्या लॅबमधला एक जण बर्फात घसरून आत गेला तर तिथल्या तिथं मागे सरकत बाहेर आला.

तिखटमिसळ
😂😂 आणि हॅरीज चॉकलेट शॉप? मी वडिलांना फोनवर सांगायचो शुक्रवारी सगळे मित्र चॉकलेट शॉपला जातो. वडील खूश, पोरगा निर्व्यसनी आहे. कॉन्व्होकेशनला आले, म्हणाले चल तुझ्या त्या दुकानात, नातवंडांना काहीतरी घेऊ. दारात उभे राहिले, आत बघितलं, बियरचा वास आला. काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, मला एक घे.

वाबाशकाठचा
काकांना साष्टांग नमस्कार.

बरं, टीमवर या जरा. मला तरी असं वाटतं की पेंटरनं या पैशाच्या बाजारात जे केलंय ते सगळ्यात अवघड आहे. स्मिथ, लॉयर, कॉफमन-रेन तिघंही शेवटच्या वर्षाला परत आले. स्मिथ आपल्या बिग टेन लीगचा गेल्या सीझनचा प्लेअर ऑफ द इयर, कुणीही उचलून नेला असता. आणि जेकबसन, तोही सात-चारवाला, गेल्या सीझनच्या सुरुवातीलाच पाय मोडून बसला होता तो उभा राहिलाय. खोडकाका, निष्ठा गेली म्हणता, ही काय आहे मग?

जुनं_खोड
ही निष्ठा की करार ते मला सांगता यायचं नाही. पण स्मिथ पास देतो तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकतो हे खरं. सहा फुटाचा पोरगा, आपल्यातला वाटतो.

हूजर_काका
आपल्यातला वाटतो म्हणे. आपल्यात सहा फूट कोण आहे?

नागपुरी_संत्रा
मी पाच नऊ, आणि आमच्या टीममध्ये सेंटर खेळायचो बे. 😅

मिशिगनमावशी
@डायनिंगकोर्टवाली, तुला होम गेमची तिकिटं मिळतात का गं? की त्या वेळी शिफ्ट असते?

डायनिंगकोर्टवाली
मावशी, पहिल्या मॅचला नेमकी शिफ्ट आलीये. बदलून घ्यायचा प्रयत्न चाललाय, एका व्हिएतनामी मैत्रिणीला दोन रविवार कबूल केलेत. झालं तर पेंट क्रूमध्ये वरच्या रांगेत उभी असेन, टीव्हीवर दिसले तर सांगा, जाळी नसेल डोक्यावर.

कटिंगचहा
मी पण बघेन म्हणतो एक मॅच. ही संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे किती वाजता?

वाबाशकाठचा
नोव्हेंबरात इथलं घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे तुमच्याकडे पहाटे साडेपाच.

कटिंगचहा
साडेपाचला तर दूधवाला येतो. उठलेलाच असतो मी.